दूध सोसत नाही, मग सर्दीवर कोणती गोळी घ्यावी?

दुधानं पोट फुगणं वेगळं, अंगावर गांधी उठणं वेगळं. पोट फुगणाऱ्या बहुतेकांना गोळीतलं चिमूटभर लॅक्टोज, म्हणजे दुधातली साखर, बाधत नाही. गांधी उठत असतील तर मात्र औषध लिहून घेतानाच डॉक्टरांना सांगा. मेडिकलवर कातरीनं कापलेल्या दोन सुट्या गोळ्या घेऊ नका, त्यावर पूर्ण मजकूर नसतो. गव्हाचा त्रास असेल तर गोळीतला स्टार्च (पिठूळ पदार्थ) कशाचा, मक्याचा की गव्हाचा, तेही विचारा. शुगर-फ्री सिरपमध्ये गोडीसाठी घातलेल्या सॉर्बिटॉलनं जुलाब होऊ शकतात. सर्दीच्या गोळीत बरेचदा पॅरासिटामॉल असतंच, त्यावर तापाची वेगळी गोळी नको. 4 वर्षांखालच्या लेकराला सर्दीचं मिश्र औषध देऊच नका. हळद-दुधाऐवजी पेलाभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ टाकून गुळण्या करा. ओठ सुजले, धाप लागली तर लगेच 108.