‘दाबा’ की ‘टॅप करा’? स्क्रीन रीडरच्या पुस्तिकेतील शब्द

प्रश्न असा आहे : अँड्रॉइड फोनवरील टॉकबॅक (स्क्रीनवर काय आहे ते मोठ्याने वाचून दाखवणारी सोय, म्हणजेच ‘स्क्रीन रीडर’) कसे सुरू करावे आणि आपल्या सोयीनुसार कसे लावून घ्यावे, हे सांगणारी मराठी पुस्तिका दृष्टिहीन व्यक्तींसाठी तयार होत आहे, तिच्यात ‘स्क्रीन रीडर’ला ‘पटलवाचक’ म्हणावे का, आणि ‘टॅप’, ‘स्वाइप’ यांच्या जागी ‘दाबा’, ‘सरकवा’ लिहिलेले चालेल का?

‘पटलवाचक’ हा शब्द व्याकरणदृष्ट्या निर्दोष असला, तरी मी तो सुचवणार नाही. संख्यावाचक, भाववाचक, संबंधवाचक अशा शब्दांमुळे समासाच्या शेवटी आलेला ‘वाचक’ मराठी कानाला ‘दर्शवणारा’ असा लागतो. शिवाय अंध विद्यार्थ्यांच्या बोलण्यात ‘वाचक’ म्हणजे पुस्तक मोठ्याने वाचून दाखवणारा माणूस. फोन स्वतःची ओळख ‘टॉकबॅक’ अशीच करून देतो आणि आयफोनवर तेच काम करणाऱ्या सोयीचे नाव ‘व्हॉइसओव्हर’ आहे. ज्याला कानाने वाट शोधायची आहे, त्याला पुस्तिकेत तोच शब्द मिळायला हवा, जो फोनमधून ऐकू येणार आहे. सामान्यनाम म्हणून ‘स्क्रीन रीडर’ पुरेसे रुळले आहे.

‘दाबा’चा मुद्दा मात्र अधिक गंभीर आहे. डोळस माणूस ‘सेटिंग्ज दाबा’ असे सहज म्हणतो, कारण त्याच्या फोनवर एकदा बोट टेकवले की काम होते. टॉकबॅक सुरू असताना एकदा बोट टेकवल्यास फोन त्या जागेचे नाव फक्त वाचून दाखवतो. ती गोष्ट उघडण्यासाठी नंतर स्क्रीनवर कोठेही झटपट दोनदा टॅप करावे लागते. पुस्तिकेत नुसते ‘दाबा’ असेल, तर वापरणारी व्यक्ती बोट टेकवते, ‘सेटिंग्ज’ असे ऐकते, पुढे काहीच घडत नाही म्हणून काचेवर आणखी जोर लावते, आणि दोष आपल्या बोटाचा आहे असे समजते. म्हणून ‘दाबा’ हे क्रियापद फोनच्या कडेच्या खऱ्या बटणांसाठी राखून ठेवावे : ‘आवाज कमी-जास्त करण्याची दोन्ही बटणे एकदम तीन सेकंद दाबून धरा’ (हा शॉर्टकट आधी चालू केलेला असला पाहिजे, हेही तेथेच लिहावे). काचेसाठी ‘बोट टेकवा’ आणि ‘दोनदा टॅप करा’ हे दोन वेगळे प्रयोग पहिल्या पानापासून शेवटपर्यंत न बदलता वापरावेत. एरवी लेखनात खुलणारी शब्दांची विविधता येथे घातकच ठरेल.

‘सरकवा’ या शब्दात संथपणा आहे, कपाट सरकवतात तसा. बोट काचेवरून हळू फिरवले, तर टॉकबॅक बोटाखाली येईल ते वाचत जाते. तेच बोट उजवीकडे झटकन ओढून उचलले, तर टॉकबॅक स्क्रीनवरच्या पुढच्या घटकावर जाते आणि डावीकडे ओढले तर मागच्या. या दोन कृतींमधला फरक वेगाचा आहे, त्यामुळे पहिलीसाठी ‘बोट न उचलता फिरवा’ आणि दुसरीसाठी ‘उजवीकडे स्वाइप करा, म्हणजे बोट झटकन ओढून उचला’ असे लिहावे. यादी वर-खाली नेताना दोन बोटे लागतात. तेथे ‘सरकवा’ खुशाल वापरावे.

टॉकबॅक बहुतेक अँड्रॉइड फोनमध्ये आधीपासूनच असते, म्हणून ‘बसवा’ न म्हणता ‘सुरू करा’ म्हणावे. बोलण्याचा ‘वेग’ ठीकच आहे. ‘पिच’साठी गाण्याच्या बैठकीतला ‘पट्टी’ हा शब्द नेमका बसतो, फक्त फोनची भाषा इंग्रजी असेल तर फोन ‘पिच’ असेच म्हणणार, म्हणून पहिल्या उल्लेखात दोन्ही शब्द द्यावेत. ‘खालचे निळे बटण’ अशी खूण न देता बटणाचे नाव लिहावे. आणि टॉकबॅक सुरू करण्याच्या सूचनेला लागूनच ते बंद कसे करायचे हे सांगावे, कारण बंद करण्याच्या बटणावरही दोनदाच टॅप करावे लागते आणि मदतीला बसलेले घरचे डोळस माणूस नेमके तेथेच अडते.