तुम्हाला घडवणारे प्राध्यापक कोण? त्यांच्याकडून नेमकं काय शिकलात?

आमचे मेंढीचे सर. राहुरीच्या कृषी विद्यापीठात मी पशुसंवर्धन शिकत होतो. दख्खनी मेंढी म्हटलं की सर तहानभूक विसरायचे.

पहिल्याच प्रात्यक्षिकाला त्यांनी वह्या मिटायला लावल्या. एक काळी मेंढी पुढ्यात धरून विचारलं, "तब्येत कशी आहे?" पोरं म्हणाली, चांगली भरलेली. "डोळे मिटा, कमरेवर हात ठेवा." लोकरीत बोटं गेली तर मणके एकेक करून मोजता येत होते. मग सरांनी तिची खालची पापणी ओढून दाखवली. आतून लाल असायला हवी, ती पांढरीफटक होती. पोटात रक्त पिणारे जंत. सर म्हणाले, कळपाला सरसकट औषध पाजत राहिलं की जंत त्याला दाद देईनासे होतात. जिची पापणी फिकी, तिला आधी पाजा.

मी धनगराचा. वसतिगृहात हे मी कुणाला कळू दिलं नव्हतं. सरांना कसं कळलं कोण जाणे, पण दिवाळीनंतर अख्खा वर्ग घेऊन ते आमच्याच वाड्यावर, म्हणजे मेंढ्यांच्या तळावर आले. बाप्पा, मला धरणी ठाव देईना. सर घोंगडीवर बसले, वही काढली आणि माझ्या आईला विचारून विचारून लिहायला लागले. संध्याकाळी मेंढ्यांचं खांड चरून परतलं तेव्हा त्यांनी दहा कोकरं पोरांपुढं ठेवली, "ज्याची त्याच्या आईला लावा." पोरांना तीन जमली. आईनं बोलता बोलता दहाही लावली, वर कुठली मेंढी कुणाची नात तेही सांगितलं. "वंशावळीची नोंद म्हणतात ती ही," सर म्हणाले. त्या रात्री मी पोरांना माझं घर दाखवलं, म्हणजे वाघूर, मेंढ्या कोंडायची जाळी, आणि दोन घोडी.

सुंदरबनच्या गॅरोल मेंढीतलं जुळ्यांचं जनुक फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेनं दख्खनीत आणलं, याचं त्यांना फार कौतुक. पण शिकवताना लगेच विचारायचे, रोज दहा-बारा किलोमीटर चालणाऱ्या मेंढीला दोघांपुरतं दूध कुठून येणार? आधी तिच्या पोटाचं बघा.

शेवटचं भेटलो ते जूनच्या तोंडावर, त्यांच्या घरी. आवाज पार खोल गेला होता.

"वळीव झाला का तुमच्याकडं?"

"झाला, सर."

"मग कोवळं गवत येईल आता. त्यावर मेंढ्यांना आंत्रविषार होतो, त्याची लस टोचली?"

"अजून नाही."

"मग इथं काय करतोस?"

मी संध्याकाळची एसटी धरली.