गव्हर्नर जनतेचा, कारभार कुणाचा?

प्रश्न : नायजेरियातील राज्यांत गव्हर्नरपेक्षा त्याच्या ‘गॉडफादर’चेच अधिक चालते, असे वाचले. लोक हे खपवून कसे घेतात?

उत्तर : तेथील गव्हर्नर थेट जनतेच्या मतांनी निवडला जातो, मात्र उमेदवारी आणि प्रचाराचा पैसा अनेकदा पक्षातील एखाद्या बड्या आश्रयदात्याकडून येतो आणि पुढे तो नेमणुका, कंत्राटे व सरकारी तिजोरीतील वाटा यांतून वसूल केला जातो. अनाम्ब्रा राज्यात आश्रयदात्याशी बिनसल्यावर १० जुलै २००३ रोजी गव्हर्नर ख्रिस न्गिगे यांना चक्क सशस्त्र पोलिसांनीच ताब्यात घेतले आणि त्यांचा तथाकथित राजीनामा विधानसभेपुढे आला. ओयो राज्यात आश्रयदाते लामिदी अदेदिबू यांच्याशी फाटल्यावर गव्हर्नर रशिदी लाडोजा यांना जानेवारी २००६ मध्ये पदावरून हटवण्यात आले. ती कारवाई न्यायालयाने बेकायदा ठरवली.

लोक हे मुकाट्याने खपवून घेतात, असे मला वाटत नाही. संताप खोल आहे. परंतु ओयोची राजधानी इबादानमधील अदेदिबूंच्या घरी रोज गर्दीला जेवण मिळत असे, आणि ज्याच्यापर्यंत सरकार पोचतच नाही त्या गरिबाला असा आश्रय सोडवत नाही. या नाइलाजाला संमती म्हणणे अन्यायाचे आहे.