जबडा बांधायचा की प्लेट बसवायची?

प्रश्न : माझा धाकटा भाऊ (वय ३१) दुचाकीवरून हनुवटीवर पडला. डाव्या कानापुढे जबडा मोडला आहे. एक डॉक्टर म्हणतात, दात बांधून ठेवू, ऑपरेशन नको. दुसरे म्हणतात, उघडून प्लेट बसवायलाच हवी. दोघेही अनुभवी आहेत. आम्ही कोणाचं ऐकायचं?
– एक बहीण

उत्तर : ताई, वेळ जाऊ नये म्हणून तुम्हाला आधीच कळवलं होतं. इथे सविस्तर लिहिते, कारण या मोडीवर दोन डॉक्टरांची दोन मतं पडणं नेहमीचंच आहे.

हनुवटीवर बसलेला मार जबड्यातून वर जातो आणि कानापुढच्या सांध्याखालची बारीक मान मोडते. तिला आम्ही कॉन्डाइलची मान म्हणतो. जबडा याच बिजागरीवर फिरतो. म्हणून मी पेशंटला तपासताना आधी दोन गोष्टी बघते : दात पूर्वीसारखे एकमेकांवर बसतात का, आणि तोंड उघडताना हनुवटी मोडलेल्या बाजूला सरकते का. स्कॅन त्यानंतर. त्यात हाड किती अंश वाकलं आणि जबड्याची उंची किती घटली ते विचारा. हाड जेमतेम सरकलं असेल आणि दात नीट बसत असतील, तर बांधून चांगलं जमतं. वाकणं १० अंशांच्या पुढे किंवा उंचीतली घट २ मिलिमीटर वा जास्त असेल, तर पारडं ऑपरेशनकडे झुकू लागतं. अशाच पेशंटांचे दोन गट करून केलेला एक अभ्यास २००६ साली प्रसिद्ध झाला. दोन्ही गट बरे झाले, पण प्लेटवाल्यांचं तोंड जास्त उघडत होतं, सरासरी ४७ मिलिमीटर, बांधलेल्यांचं ४१. दुखणंही प्लेटवाल्यांना कमी होतं.

मग सगळ्यांनाच प्लेट का नाही? कारण त्या भागातून चेहऱ्याची नस जाते. ऑपरेशननंतर काहींची पापणी नीट मिटत नाही किंवा ओठाचा कोपरा हलत नाही. बहुतेकांचं हे काही आठवड्यांत किंवा महिन्यांत भरून येतं. कायमचं राहणं विरळ, पण ही शक्यता तुमच्यासमोर मांडली गेलीच पाहिजे. शिवाय मोड अगदी वर, सांध्याच्या आत असेल आणि तुकडा लहान असेल, तर स्क्रूला पकडच मिळत नाही.

बांधणं हा सोपा मार्ग आहे असं मात्र समजू नका. आर्च बार (दातांना बांधायची धातूची पट्टी) आणि रबर लावून सहसा एक-दोन आठवडे तोंड बंद ठेवतात. खरं काम त्यानंतर सुरू होतं : सैल रबरांवर कित्येक आठवडे, आरशासमोर, दिवसातून अनेकदा हनुवटी मधोमध ठेवून तोंड उघडायचं. दुखणं थांबलं की पेशंट हे सोडतात, आणि जबडा वाकडा उघडायची सवय लागते. म्हणून मी घरच्यांना आधीच विचारते, याच्याकडून रोज व्यायाम करून कोण घेणार?

तुमच्या पत्रात दात बसतात की नाही ते नाही. बसत नसतील आणि हाड बरंच वाकलं असेल, तर या वयात मी प्लेटच सुचवेन. दात बसत असतील आणि भाऊ व्यायामाला चिकट असेल, तर बांधण्याला माझी हरकत नाही. उजवी बाजूही मोडली नाही ना, हे मात्र पुन्हा पाहून घ्या. दोन्हीकडे मोड असली की पुढचे दात उघडे राहतात आणि हिशेब बदलतो. लहान मुलांचं सगळंच वेगळं. त्यांचं हाड वाढताना आकार घेतं, म्हणून बहुधा ऑपरेशन करत नाही, आणि सांधा आखडू नये म्हणून फार दिवस बांधतही नाही.

निर्णय पहिल्या आठवड्या-दोन आठवड्यांत घ्या. नंतर हाड वाकड्या जागी जुळू लागतं.

दात तारेने बांधले, तर घरी येताना तार कापायची कात्री मागून घ्या. उलटी झाली तर तार लगेच कापावी लागते. कुठली तार आणि कशी कापायची, ते घरातल्या दोघांनी तरी डॉक्टरांकडून प्रत्यक्ष शिकून घ्यावं, आणि कात्री भावाच्या उशाशीच ठेवावी.