कुंडीत शेतातली काळी माती भरली तर चालेल का?

नुसती काळी माती भरू नका. शेतात ती सोन्यासारखी असली तरी कुंडीत तीच झाडाचा गळा आवळते. या मातीतली चिकणमाती पाणी पिऊन फुगते आणि वाळली की आकसते. मग कडेने भेगा पडतात, घातलेलं पाणी त्या भेगांतून थेट खालच्या ताटलीत उतरतं आणि मधला गोळा कोरडाच राहतो. उलट पावसाळ्यात चिखल होऊन मुळं कुजतात.

गावाहून पोतंभर आणलीच असेल तर टाकून देऊ नका, एकूण मिश्रणाच्या पाव भागापर्यंत वापरा. मी साधारण असं करतो: दोन भाग लाल माती (काळी वापरायची असेल तर यातला एक भाग काळी), एक भाग चांगलं कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत, एक भाग कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), वर मूठभर निंबोळी पेंड. कोकोपीट आधी दोन-तीनदा साध्या पाण्यात धुवून घ्या, त्यात क्षार असतात. शेणखत ताजं नको. त्याच्या उष्णतेने मुळं करपतात, शिवाय हुमणीच्या अळ्या येतात त्या वेगळ्याच.

कोरफड, निवडुंग लावणार असाल तर कोकोपीट वगळा आणि जाड वाळू जवळजवळ निम्मी घाला. समुद्राची वाळू मात्र नको, खारट असते.

मिश्रण जमलं का, ते असं बघा: ओलसर माती मुठीत दाबा. गोळा झाला आणि बोटाने टोचल्यावर सुटला, तर भरा कुंडी. लाडवासारखा घट्ट राहिला तर अजून कोकोपीट घाला. आणि कुंडीच्या तळाला भोक आहे ना, ते आधी बघा!