नातीची डोकेदुखी नेमकी कशाची?

प्रश्न : मी ७६ वर्षांचा, विद्युत मंडळातून निवृत्त, सहकारनगरात राहतो. माझी २५ वर्षांची नात हिंजवडीत नोकरी करते आणि आमच्याकडेच राहते. वर्षभरापूर्वी तिनं मला सांगितलं, की तिला मुलीच आवडतात आणि तिची एक मैत्रीण आहे. मी त्यावर काही बोललो नाही. मुलगा-सून सांगलीला असतात. त्यांनाही तिनं सांगितलं, तर त्यांनी स्थळं बघायचा सपाटाच लावला. तेव्हापासून तिचं डोकं सारखं दुखतं, झोपेत दात खाते, पाळीही अनियमित झाली आहे. डॉक्टरकडे यायला तयार नाही. मुलगा म्हणतो, ‘अशा लोकांना डिप्रेशन जास्त असतं, म्हणजे हा आजारच.’ तिकडच्या एका डॉक्टरांनी हार्मोनची इंजेक्शनं सुचवली आहेत. काय करावं? पत्र छापण्याजोगं नसेल तर टोपलीत टाकावं.

उत्तर : काका, टोपलीचं आधी. र. धों. कर्व्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ मासिकात वाचकांच्या असल्याच प्रश्नांना उत्तरं दिली म्हणून त्यांच्यावर खटला झाला होता, आणि १९३४ मध्ये कोर्टात त्यांची बाजू डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मांडली होती. आज कुणी खटला भरणार नाही. पत्र छापतोय.

तुमच्या मुलाची माहिती बरोबर आहे, त्यावरून काढलेला अर्थ उफराटा. नैराश्य, चिंता, आत्महत्येचे विचार समलैंगिक लोकांत जास्त आढळतात, हे अनेक देशांत दिसलं आहे. पण हे दुखणं त्या आवडीतच असतं, तर भोवतालचा कायदा बदलल्यानं ते कमी-जास्त झालं नसतं. अमेरिकेत झालं. २००४-०५ मध्ये तिथल्या काही राज्यांनी समलिंगी विवाहावर बंदी घातली, आणि त्या राज्यांतल्या समलैंगिकांमध्ये मनाचे आजार वाढले. तिथल्याच इतर लोकांत तशी वाढ दिसली नाही. उलट मॅसॅच्युसेट्समध्ये अशा विवाहाला मान्यता मिळाल्यावर पुढच्या वर्षभरात एका दवाखान्यातल्या समलिंगी पुरुषांच्या फेऱ्या घटल्या. ज्यांना जोडीदारच नव्हता, त्यांच्याही घटल्या! मला यातलं हेच सगळ्यात बोलकं वाटतं.

आता नातीचा दिवस कसा जात असेल ते बघा. सोमवारी कंपनीच्या बसमध्ये कुणीतरी विचारणार, सुट्टीत काय केलंस? ती मैत्रिणीबरोबर सिंहगडावर जाऊन आलेली. ‘मित्राबरोबर गेले होते,’ म्हणून मोकळी होते, पण मग तो मित्र कोण, काय करतो, हे पुढच्या सोमवारीही जुळवून सांगावं लागतं. फोन टेबलावर पालथा. रविवारी सांगलीहून फोन येणार, म्हणून शनिवारी रात्रीच झोप उडालेली. धोका दिसला की शरीर ॲड्रेनलिन, कॉर्टिसॉल सोडतं आणि धोका टळला की ते उतरतं. इथं तो टळतच नाही. मग जबडा आवळलेला, मान आखडलेली, डोकं ठणकतंय. पाळीवरही ताणाचा परिणाम होतो, पण म्हणून सगळं मनावर ढकलू नका. थायरॉईड आणि पीसीओएसची (पाळी बिघडवणारा हार्मोनचा एक विकार) तपासणी व्हायलाच हवी.

ती डॉक्टरकडे का येत नाही, याचा मला अंदाज आहे. आपल्याकडे बायकांच्या दवाखान्यातला पहिला प्रश्न ठरलेला : ‘लग्न झालंय?’ नाही म्हटलं, की पुढचे निम्मे प्रश्न गाळले जातात आणि ‘लग्न झालं की पाळी येईल रुळावर’ हा सल्ला त्याच फीमध्ये मिळतो. माझ्याकडे येणाऱ्या एका मुलीनं हे एकदा ऐकलं आणि पुन्हा कुठल्याच स्त्रीरोगतज्ज्ञाची पायरी चढली नाही. माझ्याकडे आली ती चक्कर येते म्हणून. हिमोग्लोबिन सातवर. रक्तस्राव महिनोन्‌महिने अंगावर काढला होता. तेव्हा नातीला नेण्याआधी तुम्ही किंवा मैत्रिणीनं फोन करून सरळ विचारा, की डॉक्टर असले शेरे मारत नाहीत ना. आत तिला एकटीलाच बोलू द्या.

इंजेक्शनांना स्वच्छ नाही म्हणा. त्यानं आवड बदलत नाही, पाळीचं मात्र आणखी खोबरं होईल. जागतिक आरोग्य संघटनेनं १९९० मध्येच समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढली. ‘बरं करण्याचे’ असे उपचार म्हणजे व्यावसायिक गैरवर्तन, असं आपल्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं २०२२ मध्ये ठरवलंय. तिकडच्या डॉक्टरांना एवढं ऐकवलं तरी पुरे.

समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कलम ३७७ चा धाक २०१८ मध्ये गेला. समलिंगी विवाहाला सुप्रीम कोर्टानं २०२३ मध्ये मान्यता दिली नाही. कोर्टाचं कोर्ट बघेल, पण घरचं वजन कमी समजू नका. कॅलिफोर्नियातल्या समलैंगिक तरुणांवरचा एक अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. घरच्यांनी फार झिडकारलेल्यांत आत्महत्येच्या प्रयत्नांचं प्रमाण, फारसं न झिडकारलेल्यांच्या आठपटीहून जास्त निघालं.

‘मी काही बोललो नाही,’ असं तुम्ही लिहिता. तुम्ही ते मायेनंच केलं असणार, पण तिनं त्याचा अर्थ काय लावला असेल? वर्षभर ती तेच ताडत बसली असेल. तेव्हा बोला. भाषण नको. ‘रविवारी मैत्रिणीला जेवायला घेऊन ये,’ एवढं म्हणा आणि आमटी-भाताला बसवा. काकूंना माहीत आहे का, हे पत्रात नाही. नसेल, तर नातीला विचारल्याशिवाय त्यांनाही सांगू नका. सोसायटीच्या कट्ट्यावर तर नाहीच. सांगलीला फोन मात्र तुम्हीच करा. स्थळं बंद करा, हे वडिलांनी सांगितलेलं मुलाला ऐकावं लागेल, ते नातीच्या तोंडून चालणार नाही.

पुण्यात हे काही नवं नाही. समलैंगिकांसाठी काम करणारा समपथिक ट्रस्ट २००२ मध्ये इथंच सुरू झाला, त्यांच्या अभिमानाची ‘प्राइड’ मिरवणूक पहिल्यांदा २०११ मध्ये निघाली. नात कधी मरणाची भाषा बोललीच, तर वाट न पाहता मानसोपचारतज्ज्ञाकडे न्या. सरकारची टेलिमानस हेल्पलाइन १४४१६ वर आहे, फुकट, दिवसरात्र, मराठीतही बोलतात. नंबर मुलालाही देऊन ठेवा, त्याचीही झोप उडालेली असणार.