जामिनाची गॅरंटी देणारा वकील करावा का?

प्रश्न : आमचं गाव रावेर तालुक्यात. बांधावरून भांडण झालं, समोरच्याला कुऱ्हाड लागली, माझा लहान भाऊ आणि चुलतभाऊ दोघं आत आहेत, कलम १०९ लावलंय. गावातले एक जण म्हणतात जळगावचा अमुक वकील करा, त्याची साहेबांशी ओळख आहे, ५० हजार रोख द्या, आठ दिवसात जामीन पक्का. मामा म्हणतात भुसावळचा करा. केळीचे पैसे अजून व्यापाऱ्याकडे अडकलेत. काय करू?

उत्तर : ताई, ते ५० हजार देऊ नका. जामीन द्यायचा की नाही ते न्यायाधीश ठरवतात, त्याची गॅरंटी कुठलाच वकील देऊ शकत नाही, आणि ओळखीच्या नावाखाली घाबरलेल्या घरातून रोख काढणाऱ्यांचा मला खरंच संताप येतो.

१०९ म्हणजे खुनाचा प्रयत्न, जुनं ३०७. १ जुलै २०२४ पासून जुन्या भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली तसे नंबर बदलले. ही केस सेशन कोर्टात चालते, म्हणून जमिनीचे दावे बघणारा वकील कितीही चांगला असला तरी इथे फौजदारीवालाच लागतो. जळगाव की भुसावळ ते मामांनी नाही ठरवायचं, केस ज्या कोर्टात आहे तिथे रोज उभा राहणारा बघा. एक दिवस जाऊन मागच्या बाकावर बसा, कोण फाईल वाचून आलंय आणि कोण नुसती तारीख मागून निघतंय ते लगेच कळतं.

भेटायला जाताना एफआयआरची कॉपी न्या. चांगला वकील आधी ती वाचतो, मग विचारतो की जखम कुठे आहे, डॉक्टरांच्या सर्टिफिकेटात काय लिहिलंय, कुऱ्हाड कोणाच्या हातात दाखवलीय, पहिला रिमांड, म्हणजे कोर्टाने पहिल्यांदा कोठडीत पाठवलं ते, कोणत्या तारखेला झाला. ही तारीख फार महत्त्वाची, कारण तिथून ९० दिवसात पोलिसांचं चार्जशीट (आरोपपत्र) कोर्टात आलं नाही तर जामीन मागायचा हक्कच मिळतो. एफआयआर न उघडताच फीचा आकडा सांगितला तर उठून या.

आणि दोघा भावांना एकच वकील स्वस्त पडेल असं वाटतं, पण कुऱ्हाड कोणाच्या हातात होती हाच वाद असला तर एकाला वाचवायला दुसऱ्यावर ढकलावं लागतं, तेव्हा वकील वेगळे हवेत, घरच्यांना कितीही वाईट वाटलं तरी.

फी टप्प्याने ठरवा. जामीन अर्जाचे किती, पूर्ण केसचे किती, नकला-टायपिंग त्यात धरलंय का, आणि पैसे पावती घेऊनच द्या.

पैसेच नसतील तर कर्ज काढू नका. कोठडीत असलेल्या माणसाला उत्पन्न कितीही असो, सरकारी खर्चाने वकील मिळतो, १९८७ च्या विधी सेवा कायद्यात तसं स्पष्ट आहे. जळगावला जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात अर्ज द्या नाहीतर १५१०० वर फोन करा. फुकटचा वकील कामाचा नसतो असं लोक सरसकट बोलतात ते चुकीचं आहे, त्यालाही हेच प्रश्न विचारा आणि पारखून घ्या.

वकीलपत्रावर, म्हणजे वकिलाला केस लढायचा अधिकार देणाऱ्या कागदावर, भावाची सही जेलमध्येच घेतात, त्यासाठी वकील कागद पाठवेल. तुम्ही कुठल्याही कोऱ्या कागदावर सही करू नका.